भिंतीपलीकडचे सूर

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, आमच्या मुलाचा जिवलग मित्र मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याचे वय १९. दोघांचे पहिले कम्युनियन एकाच रविवारी झाले होते, दोघे एकाच बाकावर बसून शाळा शिकले होते आणि गेली काही वर्षे एकाच गिटारवर आळीपाळीने बोटे झिजवीत होते. दफनाच्या दिवशी चर्च तुडुंब भरले होते. उरलेले लोक बाहेर छत्र्या धरून उभे होते. आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदाची जबाबदारी गेली ३० वर्षे आमच्याकडे आहे. त्या दिवशीही ऑर्गनवर आम्हीच होतो. पुनरुत्थानाची, आशेची, पित्याच्या घराची गीते आम्ही निवडली होती आणि आमच्या मते ती चांगली झाली. मिस्सा आटोपल्यावर दोघातिघांनी तसे बोलूनही दाखवले.

घरी आल्यावर मुलगा ओल्या कपड्यांनीच दारात उभा राहिला. म्हणाला, "पप्पा, आज चर्चमध्ये कोणी मेलेच नव्हते."

आम्हांला या वाक्याचा अर्थ लागला नाही. किंबहुना तो लावून घेण्याची आमची तयारी नव्हती. त्याने खोलीचे दार लोटले आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून पावसाचा आवाज येऊ लागला. बाहेर पाऊस होताच. हा दुसरा, आतला. मग घंटा. लांबवरून येणारी, चर्चची वाटावी अशी घंटा. क्षणभर आमची खात्री झाली की कोणाच्या तरी मयताची घंटा वाजते आहे. त्यानंतर गिटारचा जो घनघोर आवाज भिंतीतून आला त्याने देव्हाऱ्यावरची मेणबत्ती हलली, असे आमच्या पत्नीचे आजही म्हणणे आहे. आम्ही उठलो, आत गेलो आणि प्लग उपटला. ज्या घरात रोज जपमाळ होते त्या घरात सैतानाचे संगीत वाजणार नाही, असे आम्ही म्हणालो. मुलाने काहीच उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी तो मिस्साला आला, पण त्याचे व्हायोलिन घरीच राहिले. वयाच्या आठव्या वर्षापासून तो ऑर्गनच्या डाव्या बाजूला, आमच्या कोपराला लागून बसत आला होता. ती खुर्ची रिकामी राहिली.

ती किती दिवस रिकामी राहिली हे सांगून वाचकांचा वेळ घेत नाही. आगमनकाळ आला, नाताळ झाला, उपवासकाळही सरला. शेवटी घरातूनच टोला मिळाला. "त्याच्याशी अबोला धरण्यापेक्षा तो काय ऐकतो ते एकदा ऐका तरी," आमची पत्नी म्हणाली. "तुम्हांला कान आहेत म्हणता ना!"

ऐकले. मुलगा कॉलेजात गेल्यावर, चोरून, त्याच्याच खोलीत बसून ऐकले. पावसाने आणि घंटेने सुरू होणारे ते गाणे 'ब्लॅक सॅबथ' या इंग्लंडमधील वृंदाचे, आणि गाण्याचेही नाव तेच. त्यात गिटार केवळ तीन स्वर वाजवते. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, वरचा षड्ज, आणि मग खाली येऊन तीव्र मध्यमावर थांबणे. तो तीव्र मध्यम कुठेच विसावत नाही. वर पंचमाला जाईल, खाली येईल, काहीतरी करील, या आशेने आपण थांबतो आणि तो तसाच लोंबकळत राहतो. गंमत अशी की हाच तीव्र मध्यम आपल्या यमनात दिवेलागणीची शोभा वाढवतो. स्वर तोच, पण यमनात त्याला शेजारी असतात, येथे तो एकटा सोडलेला आहे.

या स्वरांतराला पाश्चात्त्य परंपरेत 'संगीतातील सैतान' म्हणत, आणि मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती, असे हेवी मेटलचे चाहते अभिमानाने आणि विरोधक समाधानाने सांगतात. दोघेही चुकतात. अशी अधिकृत बंदी घातल्याचा पुरावा संशोधकांना सापडलेला नाही. हे अंतर गळ्याने नेमके घेणे अवघड आणि स्वरमेळात बसवणे त्याहून अवघड, म्हणून गायकांना ते टाळण्यास शिकवीत. सैतानाचे नाव त्याला छापील ग्रंथांतून चिकटलेले दिसते ते अठराव्या शतकाच्या आरंभी, तेही विद्यार्थ्यांना नियम पाठ व्हावा म्हणून. म्हणजे आम्ही ज्या शब्दावरून प्लग उपटला तो शब्द मुळात संगीतशिक्षकांच्या तोंडचा होता. आमच्याच जातीच्या माणसांचा!

त्या तीन स्वरांचे मूळही एका सिंफनी-वृंदाच्या रचनेत आहे. इंग्रज रचनाकार गुस्ताव होल्स्ट याने पहिल्या महायुद्धाच्या काळात 'द प्लॅनेट्स' ही रचना केली. तिचा पहिला भाग 'मार्स', युद्धाचा ग्रह. सॅबथचा बास वाजवणारा गीझर बटलर याला तो भाग आवडे, तो बासवर वाजवीत असे आणि त्यावरूनच टोनी आयोमीला ही धून सुचली, असे या मंडळींनीच सांगितले आहे. बटलर हा बर्मिंगहॅमच्या आयरिश कॅथलिक कुटुंबातला. १९७१ साली त्याने एका गाण्यासाठी लिहिलेले शब्द तर मृत्यूनंतर काय, असा रोखठोक प्रश्न तरुणांना विचारतात आणि देवाची टर उडवणाऱ्यांची कानउघाडणी करतात.

आयोमीची हकीकत आम्हांला मुलाने पुढे सांगितली. तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या १७ व्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्राखाली सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. आता वाजवणे संपले अशा मनःस्थितीत असता कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. आगीत हात भाजून दोन बोटे जायबंदी झालेल्या जँगोने उरलेल्या बोटांवर अजोड गिटारवादन केले होते. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांची टोपणे बनवली, त्यांवर चामडे चिकटवले आणि पुन्हा गिटार हाती घेतली. तारा सैल केल्या की दुखऱ्या बोटांवर ताण कमी पडतो. १९७१ च्या तबकडीतील काही गाण्यांसाठी त्याने त्या तब्बल तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. पुढे साऱ्या जगाने उचललेल्या त्या जड, खर्जातल्या आवाजामागे एका मजुराचा जखमी हात आहे.

आमच्यासारख्या ऑर्गनवाल्याला याहूनही नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. हेवी मेटलमध्ये गिटारवर पूर्ण स्वरमेळ सहसा वाजवत नाहीत; षड्ज आणि पंचम एवढेच वाजवतात, गंधार गाळतात. कारण अॅम्प्लिफायरमध्ये आवाज मुद्दाम फाडलेला असतो. अशा फाटक्या आवाजात तिसरा स्वर मिसळला की नुसता कालवा होतो. षड्ज आणि पंचम यांची कंपने दोनास तीन या प्रमाणात असतात. दोन आणि तीन यांतील फरक एक, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. तो कोणी वाजवत नाही, पण त्या फाटण्यातून उमटतो आणि जमीन हादरल्यासारखी वाटते. आता, मोठ्या चर्चमधील नळ्यांच्या ऑर्गनचे कारागीर नेमके हेच पूर्वापार करीत आले आहेत. सर्वांत खोल स्वरासाठी ३२ फूट लांबीची नळी लागते. तेवढी उंची आणि तेवढा पैसा प्रत्येक चर्चकडे कुठून असणार? मग ते १६ फुटी नळी आणि तिच्यावरच्या पंचमाची सुमारे पावणेअकरा फुटी नळी एकदम वाजू देतात. न बसवलेल्या ३२ फुटी नळीचा भास कान आपोआप करून घेतो. हे गणित आम्ही पुस्तकात वाचले होते आणि त्याचे कौतुकही केले होते. तेच गणित आमच्या घरात, भिंतीपलीकडे, एका १९ वर्षांच्या मुलाच्या खोलीत चालू होते आणि आम्ही प्लग उपटला.

आणखी मागे गेलो तर नवव्या शतकातील लॅटिन ग्रंथांत, मठातील गायनाला दुसरा आवाज कसा जोडावा याची जी पहिली उदाहरणे मिळतात, तीही अशीच पंचमाच्या अंतराने समांतर चालणारी आहेत. आपला तंबोराही बहुधा याच दोन स्वरांवर उभा असतो.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगून मोकळे होतो, कारण त्यात जुळणी अधिक आणि गूढ कमी आहे. 'डीप पर्पल'च्या जॉन लॉर्डने २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि आपला वृंद एकत्र आणून स्वतःचा कंचेर्तो सादर केला. संचालन माल्कम अर्नोल्ड यांचे. त्याच वृंदाच्या रिची ब्लॅकमोरने १९७२ च्या एका प्रसिद्ध वादनात बाखच्या धर्तीची स्वरपंक्ती घेतल्याचे स्वतः कबूल केले आहे. अमेरिकेचा रँडी ऱ्होड्स दौऱ्यात गाव बदलले की तेथील शास्त्रीय गिटारचा शिक्षक शोधून शिकवणी घेई. १९८२ साली विमान अपघातात तो गेला तेव्हा २५ वर्षांचा होता. स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीनने पागानीनीलाच गुरुस्थानी मानले.

पागानीनीपाशी मात्र आम्ही थबकलो. हा इटालियन व्हायोलिनवादक इतके अशक्य वाजवी की त्याने सैतानाशी करार केला आहे, अशी वदंता साऱ्या युरोपात होती. १८२७ साली पोप बारावे लिओ यांनी त्याला सुवर्ण-अरीचा किताब दिला. १८४० साली तो नीस येथे वारला, तेव्हा तेथील बिशपांनी त्याला पवित्र भूमीत जागा नाकारली. त्याचा देह वर्षानुवर्षे या गावाहून त्या गावी फिरत राहिला आणि १८७६ मध्ये पार्मा येथे कायमचा विसावला. एकाच माणसाला एकाच चर्चकडून १३ वर्षांच्या अंतराने किताब आणि नकार! अंतकाळी त्याने धर्मगुरूंना परत पाठवले होते, हे खरे. पण सैतानाची कुजबुज नसती तर प्रकरण इतके लांबले असते, असे आम्हांला वाटत नाही.

याचा अर्थ हेवी मेटलच्या वाटेला सैतान कधी गेलाच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. १९९२ साली नॉर्वेत फांटॉफ्ट येथील जुने लाकडी चर्च जाळण्यात आले. तेथील 'ब्लॅक मेटल' म्हणवणाऱ्या मंडळींपैकी काहींना चर्च जाळण्याच्या आणि खुनाच्या गुन्ह्यांत शिक्षा झाल्या. काही वृंदांची गीते आम्ही पूर्ण ऐकू शकलो नाही आणि तसे मुलाला स्पष्ट सांगितले. "मीसुद्धा ऐकत नाही," तो म्हणाला. हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते.

तोवर आमचे बोलणे सुरू झाले होते. प्रारंभ कसा झाला? जेवताना आम्ही सहज म्हणालो, "त्या गाण्यात तिसरा स्वर तीव्र मध्यम आहे." त्याने घास हातात तसाच धरून आमच्याकडे पाहिले. त्या रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही बापलेक जागे होतो. आमच्या पत्नीने दोनदा दिवा मालवला.

त्याच रात्री आम्ही वडिलांची पेटी उघडली. आमचे वडील धर्मग्रामाच्या जुन्या लॅटिन गायनवृंदात होते. लॅटिनचे एक अक्षर त्यांना कळत नसे, पण 'लिबर उझुआलिस' हे चार रेघांच्या स्वरलिपीचे जाडजूड पुस्तक त्यांनी जन्मभर जपले. त्या पुस्तकात मृतांसाठीच्या मिस्साची पाने कडेला सर्वांत काळी पडली आहेत. बोटे तेथेच अधिक लागली. त्या पानांवर 'दिएस इरे' आहे. न्यायाच्या दिवसाचे, तुतारीचे, थरथर कापणाऱ्या जिवाचे ते मध्ययुगीन स्तोत्र शतकानुशतके मृतांच्या मिस्सात गायिले जाई. आम्ही स्वतः ते चर्चमध्ये कधी ऐकले नाही. पहाटे वाडीत पाणी लावताना वडील ते गुणगुणत तेवढेच कानावर पडले आणि केळींच्या पानांमागून येणाऱ्या त्या आवाजाची आम्हां भावंडांना भीती वाटे. मोझार्टने त्याच्या शब्दांना १७९१ साली आपले संगीत दिले, व्हेर्दीने १८७४ मध्ये. बर्लिओझने तर १८३० च्या आपल्या सिंफनीत मूळ चालच घेतली आणि ती चेटकिणींच्या रात्रीच्या मेळाव्यात, घंटांच्या टोलांनंतर, वाजवली. फ्रेंचमध्ये त्या मेळाव्याला शब्द आहे 'सॅबा'. घंटा, सॅबथ आणि मृत्यूची चाल, सारे बर्मिंगहॅमच्या १४० वर्षे आधी पॅरिसमध्ये एकत्र आले होते.

आता तारखा पाहाव्यात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये सांगितले की ख्रिस्ती अंत्यविधीतून मृत्यूचे पुनरुत्थानाशी असलेले नाते अधिक स्पष्ट दिसावे. त्यानुसार अंत्यविधीचा नवा ग्रंथ १५ ऑगस्ट १९६९ रोजी प्रसिद्ध झाला आणि 'दिएस इरे' मृतांच्या मिस्सातून गेले; ते उरले धर्मगुरूंच्या दैनिक प्रार्थनाविधीत, उपासना-वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात, तेही ऐच्छिक. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या चौघांनी पाऊस, घंटा आणि तीव्र मध्यमाचे ते गाणे ध्वनिमुद्रित केले. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ते बाजारात आले. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. त्या चौघांनी नाव घेतले ते एका भयपटावरून. पण ज्या हिवाळ्याच्या तोंडाशी आम्ही भीती चर्चच्या दाराबाहेर ठेवली, त्याच हिवाळ्यात कोणीतरी ती उचलून घरी नेली, हे आमच्या डोक्यातून जाईना.

परिषदेचे चुकले असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही आणि तसे वाटतही नाही. आमच्या वडिलांच्या काळच्या काळ्या वस्त्रांच्या मयतातून घरी परतलेली लहान मुले आठ-आठ रात्री झोपत नसत, असे आमची आईच सांगे. पण आशेचे गीत निवडताना आम्ही घाई करतो, एवढे आम्हांला कबूल केले पाहिजे. गुड फ्रायडेचे तीन तास न थांबता ईस्टरची घंटा वाजवावी, तसे त्या पावसाळ्यात आम्ही १९ वर्षांच्या मुलाच्या शवपेटीशेजारी उभे राहून केले. त्याची आई पहिल्या बाकावर बसली होती. आमच्या ऑर्गनच्या जागेवरून तिची फक्त पाठ दिसत होती, आणि आम्ही मोठ्या पट्टीत, द्रुत लयीत वाजवत होतो.

आयोमीची आणखी एक गोष्ट मुलाने आम्हांला दाखवली, बहुधा आमचे समाधान व्हावे म्हणून. २०१७ च्या जानेवारीत त्याने बर्मिंगहॅमच्या अँग्लिकन कॅथीड्रलला एक समूहगीत रचून भेट दिले; आधार १३३ वे स्तोत्र, भावांनी एकोप्याने राहण्याचे. ते सुंदर आहे, सौम्य आहे. आमच्या गायनवृंदाला सहज गाता येईल. मुलाला ते फारसे आवडत नाही.

गेल्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, 'दिएस इरे'ची पहिली सहा कडवी गावीत असे आम्ही बापलेकांनी ठरवले. धर्मगुरूंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले, थोडा विचार केला आणि म्हणाले, मिस्सात नको. दफनभूमीत, कबरींना आशीर्वाद देण्याआधी म्हणा, आणि त्याआधी लोकांना मराठीत अर्थ वाचून दाखवा. अट रास्त होती. गायनवृंदातील तरुण मंडळींना चार रेघांची लिपी शिकवता शिकवता ऑक्टोबर संपला. ज्यांनी बालपणी ते प्रत्यक्ष गायिले होते असे दोनच जण गावात उरले आहेत, दोघेही ऐंशीच्या पुढचे. त्यांना बोलावले. त्यांना पुस्तक लागले नाही. पण आमच्या पट्टीत त्यांचा आवाज चढेना. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांचा श्वास तुटे आणि तरुणांचे सूर त्यांना झाकून टाकत.

मुलाने व्हायोलिनची पेटी उघडली. सव्वा वर्षाने. तारांवर गंज धरला होता, त्या त्याने बदलल्या. मग खुंट्या पिळून चारही तारा एक-एक करून खाली उतरवू लागला. अशाने वाद्याचा आवाज मरेल, असे आम्ही म्हणालो. "तीन अर्धस्वर," तो म्हणाला, "आयोमीएवढेच." सैल तारांवरून गज ओढताच जो आवाज आला तो व्हायोलिनचा नव्हता, घोगरा, ओला, विहिरीतून आल्यासारखा. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदम माना वर केल्या आणि त्या पट्टीत गाऊ लागले.

दफनभूमीत संध्याकाळी वारा होता, मेणबत्त्या टिकत नव्हत्या. त्या मुलाच्या कबरीपाशी त्याची आई पदराने ज्योत झाकून उभी होती. गायन संपले, पाणी शिंपडले गेले, लोक पांगू लागले. ती आमच्या मुलाजवळ आली. काहीच बोलली नाही. त्याच्या हातातला गज तिने घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि परत दिला.